चिंचेनं निघालेला गंज

१९८४ साल. मी तेव्हा एकसष्ट वर्षांचा होतो. या वयात लोक काम सोडतात, मी नवीन विद्या शिकत होतो, आणि जे शिकवत होते ते सत्तरीला टेकले होते. इथं न्यू जर्सीत, ट्रेंटनला, कात्र्या-सुऱ्यांना धार लावायचं एक छोटं दुकान होतं. पुढं काउंटर, मागं दगड आणि पाण्याच्या बादल्या. तिथं आम्ही दोन म्हातारे बसायचो आणि जपानी तलवारी ओळखायचो. तलवार किती वर्षांची, कुणाच्या हातची, एवढंच सांगायचं काम.

इथल्या मराठी मंडळाच्या अंकात लिहा म्हणून अंक काढणारी वैशाली दोन वर्षं मागं लागली आहे. "काका, यू मस्ट राइट. तुमच्याकडं किती स्टोरीज आहेत!" मी तिला म्हणालो, माझ्याकडं स्टोऱ्या नाहीत, काम आहे. शाळा मी चौथीपर्यंत बघितली, तीही खिडकीजवळ बसून. तेव्हा शुद्धलेखन तिनं बघायचं, पण माझा एकही शब्द जागचा हलवायचा नाही, या बोलीवर हे लिहितो आहे. शब्द हलवलेला दिसला तर पुढच्या वर्षी मंडळाच्या स्वयंपाकघरातल्या सुऱ्यांना धार लावून मिळणार नाही.

आम्ही साताऱ्याकडचे शिकलगार. नाव इस्माईल, पण इथं सगळे 'इश' म्हणतात. शिकलगार म्हणजे हत्यारं घासून-पुसून त्यांना धार आणि झळाळी देणारा. घरात नमाज, आणि खंडेनवमीला हत्यारांपुढं नारळ आणि ऊद, दोन्ही चालायचं. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही, आम्हालाही नाही. दसऱ्याच्या आधी पंचक्रोशीतल्या तलवारी, भाले, जंबिये आमच्या ओसरीवर यायचे. माझी बायको जैतूनही शिकलगाराचीच लेक. लग्न ठरवताना तिच्या बापानं मला विचारलं नाही की कमावतोस किती. कोयता दिला हातात आणि म्हणाला, लाव धार.

मुलगा सलीम इंजिनियर झाला, इथं आला, वेस्ट विंडसरला घर घेतलं आणि आम्हाला बोलावून घेतलं. घर मोठं, दार बंद, रस्त्यावर माणूस नाही. मी खिडकीत बसून वेडा व्हायची वेळ आली. एक दिवस सूनबाईची शिवणाची कात्री घेऊन ट्रेंटनला त्या दुकानात गेलो. काउंटरवर एक जपानी म्हातारे होते. त्यांनी धार लावून दिली. मी अंगठा फिरवून बघितला आणि म्हणालो, एक पातं बरोबर आहे, दुसऱ्याचा कल चुकला. त्यांनी दगड माझ्याकडं सरकवला. मी लावली. त्यांनी बघितलं, मान हलवली आणि स्टुलावरचं वर्तमानपत्र उचलून मला बसायला जागा केली. त्यानंतर मी त्या स्टुलावर बसलो तो बसलोच.

त्यांचं आडनाव तानाबे. जन्म कॅलिफोर्नियातला. तरी जपानशी लढाई सुरू झाल्यावर सरकारनं त्यांना बायकोसकट काटेरी तारेच्या छावणीत ठेवलं, कारण तोंडावळा शत्रूचा. सुटल्यावर भाजी डबाबंद करायच्या कारखान्यात काम मिळालं म्हणून न्यू जर्सीत आले. हे मला त्यांनी एकदाच सांगितलं, सुरी घासता घासता, आणि नंतर कधी नाही. त्यांचे वडील तलवारी घासणारे होते. म्हणजे आमच्याच जातीचे, असं मी म्हणायचो. ते हसायचे.

आता तलवारी इथं आल्या कुठून, तर लढाईवर गेलेल्या अमेरिकन सैनिकांनी आणल्या. प्रत्येक गावात दोन-चार माळ्यांवर एखादी पडलेली असायची. म्हातारा सैनिक मेला की पोरं माळा साफ करायची आणि चादरीत गुंडाळून ती घेऊन यायची. मग प्रश्न एकच. जुनी आहे का?

ओळखायचं कसं ते सांगतो, पुढं लागेल. जपानी तलवारीची मूठ बांबूच्या एका खुंटीवर बसलेली असते. बोटाच्या पेराएवढी खुंटी. ती ठोकून काढली, मूठ डाव्या हातात उभी धरली आणि त्याच मनगटावर उजव्या मुठीनं एक ठोसा दिला, की पातं मुठीतून सुटं होऊन वर येतं. मुठीच्या आत पात्याचा जो भाग असतो त्याला आमच्याकडं नाळ म्हणतात. आपल्या तलवारीची नाळ मुठीत राळ ओतून कायमची बसवतात, ती जन्मात कुणी बघत नाही. जपानी नाळ बाहेर येते, आणि सगळं तिच्यावर असतं. कारागिरानं नाव घातलं असेल तर तिथं. आणि नाव नसलं, किंवा नाव खोटं असलं, तर गंज.

हो, गंज. तो कधी घासायचा नाही. नव्या लोखंडाचा गंज विटकरी, बोटाला लागणारा. शंभर वर्षांचा गंज काळा, घट्ट, तव्याच्या पाठीसारखा. आणखी जुना असला तर त्याला रेशमासारखी चकाकी येते. तो वरून बसलेला नसतो, लोखंडात मुरलेला असतो. तानाबे अक्षरं वाचायचे, मी गंज वाचायचो. आणि गंज बघायचा तो दिवसाच्या उजेडात, सूर्य वर आल्यावर, खिडकीशी. दिव्याखाली सगळाच गंज तपकिरी दिसतो. हा नियम माझ्या वडिलांचा, आणि तानाबेंच्या वडिलांचाही. दोघं हजारो मैल लांब राहायचे, पण दिव्यावर दोघांचाही विश्वास नव्हता.

गिऱ्हाइकं एकेक भारी. एक मक्याचा शेतकरी आला. बापानं आणलेल्या तलवारीनं तो मक्याची धाटं तोडत होता. धार बोथट झाली म्हणून आला. मूठ काढली तर नाळ काळी कुळकुळीत, वर नाव. तानाबेंनी नाव वाचलं, उठून उभे राहिले आणि तलवारीला वाकून नमस्कार केला. शेतकरी माझ्याकडं बघून म्हणाला, "याला काय झालं?" मी म्हणालो, "तुमच्या मक्याचं नशीब मोठं आहे." त्याला आम्ही चांगला कोयता करून दिला.

एक वकील आला, मोठ्या नावाची तलवार घेऊन. नाव मोठं होतं, पण छिन्नीचे घाव गंजाच्या वर बसलेले, घावांचा तळ पांढरा, बिनगंजाचा. म्हणजे गंज आधीचा आणि नाव नंतरचं. मी म्हणालो खोटं आहे. तो चिडला, दुसऱ्या कुठल्या गावातल्या जाणकाराकडून खरं आहे असं म्हणवून घेतलं आणि मला फोन करून ते सांगितलं. मी म्हणालो, अभिनंदन. लोकांना आपली तलवार जुनीच हवी असते. नवी निघाली की तोंडं पडतात. पण जुनी नाही म्हणून सांगितल्यावर माणसाचं काही तुटलं, असं एकदाच झालं.

सप्टेंबर संपत आलेला होता. वॉल्टर म्हणून एक उंच, वाळलेला माणूस आला. पोस्टमन म्हणून निवृत्त झालेला. कपडे अंगावर टांगल्यासारखे, आजारानं मांस उतरलं होतं. त्यानं मेणकापडातली तलवार काउंटरवर ठेवली. लष्करी पद्धतीची मूठ, तपकिरी गोफ गुंडाळलेली. अशा मुठी लढाईत सगळ्याच अधिकाऱ्यांच्या तलवारींना असायच्या. वरून बघून एक दुसरीपासून वेगळी सांगता येत नाही.

"जुनी आहे का, एवढंच सांगा," तो म्हणाला. तानाबे पुढं झाले तसं त्यानं तलवारीवर हात ठेवला. "हा हात लावणार नाही. तू बघ."

मी मेणकापड परत गुंडाळलं आणि त्याच्याकडं सरकवलं. "मग मीही नाही बघत. विद्या त्यांची आहे."

"तुला कळत नाही."

"मला मुळीच कळत नाही. दार तिकडं आहे."

माझा स्वभाव हा असा. जैतून म्हणते, तुम्ही दगडाला बी उलटं बोलाल. तानाबेंनी कोट घातला. "इस्माईल-सान, मी जेवायला जातो."

"आत्ता अकरा वाजलेत."

"मला भूक लागली आहे," ते म्हणाले आणि गेले. मला फार राग आला. वॉल्टरचा आला त्याहून तानाबेंचा जास्त. पण ते स्वतः जागा करून गेले, ती मोडणं बरं दिसलं नसतं.

खुंटी निघेना. आत फुगून बसलेली. मी तेलाचा थेंब सोडला आणि म्हणालो, ठेवून जा, ओढून काढली तर नाळेला ओरखडे पडतील. तो गेला नाही. स्टुलावर बसला, तानाबेंच्याच. आणि बोलायला लागला. माझं इंग्रजी तुटकं, पण ऐकताना मला अडत नाही.

तो लढाईत पकडला गेला होता. एका बेटावरच्या छावणीत कैदी होता. छावणीचा जो कॅप्टन होता त्याची तलवार त्याच्या पणजोबांची, असं तो दुभाष्याकडून कैद्यांना सांगायचा. वॉल्टरचा दोस्त एडी. त्यानं कोठारातून मूठभर तांदूळ उचलले. कॅप्टननं सगळ्यांना रांगेत उभं केलं आणि त्या तलवारीनं एडीचं डोकं उडवलं. त्याच्या दुसऱ्या दिवशी रांगेत वॉल्टरच्या शेजारची जागा मोकळीच ठेवायचा हुकूम होता.

"मग लढाई संपली," तो म्हणाला. "पहारेकरी पळाले. मी कोठारामागं गेलो. तिथं एक जण भिंतीला टेकून बसला होता. अंगावर अधिकाऱ्याचा गणवेश. तोंडावर भाजल्याच्या पट्ट्या, डोळे तेवढे दिसत होते. ही शेजारी पडलेली. तो हात जोडून काहीतरी बोलत होता. मी हीच उचलली."

मी खुंटीत तेलाचा आणखी एक थेंब सोडला.

"तो कॅप्टन होता," वॉल्टर म्हणाला. "चाळीस वर्षं मला पक्कं माहीत होतं. मागच्या वर्षी आम्ही उरलेले जमलो, तर एक जण म्हणतो, कॅप्टन त्या दिवशी सकाळीच ट्रकमधून गेला, मी बघितला. दुसरा म्हणतो, छे. आता तू सांग. कॅप्टनची तलवार पणजोबांची होती. ही जुनी असेल तर तो तोच."

"आणि नवी असेल तर?"

"मला दवाखान्यात भरती व्हायचं आहे. पोटात आहे. उघडतील, बहुतेक तसंच शिवतील," तो म्हणाला. "त्याच्या आधी सांग."

त्यानंतर रोज मी खुंटीत तेल सोडत होतो. शेवटी घरी नेली, गॅरेजमधल्या माझ्या बाकावर. खंडेनवमी तोंडावर होती, तेव्हा माझे दगडही घरीच आणले होते, पूजेला. दगड दुकानात ठेवून खंडेनवमी मी कधी केलेली नाही. खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी खुंटी निघाली. मनगटावर ठोसा दिला, पातं सुटलं. ट्यूबलाइट होती. मी नाळेकडं बघितलंच नाही. फडकं टाकून ठेवली. सकाळी उजेडात बघू.

सकाळी आभाळ होतं. सूर्य वर येईपर्यंत म्हणून सलीमबरोबर एडिसनला नारळ आणि झेंडूची फुलं आणायला गेलो. परत आलो तर गॅरेजचं दार उघडं. जैतून पाटावर बसून हात पुसत होती. माझी हातोडी, कानशी, पटाशी, सगळं बाकावर ओळीनं मांडलेलं, चकचकीत. दगडांवर फुलं ठेवायला जागा केलेली. ओळीच्या शेवटी तलवार. नाळ समईसारखी झळकत होती.

"ए," मी म्हणालो.

"अवो, गंजलेलं पूजेला ठिवायचं व्हय? पहाटं फजरची नमाज झाली तवाच चिंच चोळून ठिवली हुती. मग राख आन नारळाची शेंडी. बघा की, कसं निघालंय."

तिची चूक नव्हती. तिच्या बापाच्या घरी खंडेनवमीला गंजकं हत्यार ठेवलं तर बाप जेवायचा नाही. आणि आपल्या तलवारीची नाळ बाहेर येत नाही, तर ती घासायची की नाही हे तिला कुणी कधी सांगावं? माझीही चूक नव्हती. बाक माझ्या घराचा, दिवस खंडेनवमीचा. कुणाचीच चूक नाही तरी जे जायचं ते गेलं. मी तिला वॉल्टरचं सगळं सांगितलं. ऐकता ऐकता ती हात पुसायची थांबली.

"मग आता?"

मी दार पूर्ण उघडलं, नाळ उजेडात धरली. घासायला तिनं कसर ठेवली नव्हती. पण मी नाळ फिरवत राहिलो, आणि मग ती डोळ्यांजवळ आणली. नाळेवर कानशीच्या बारीक रेघा असतात, कारागीर मुद्दाम ओढतो, मुठीत घट्ट बसावी म्हणून. त्या रेघांच्या तळाशीही पांढरं होतं. खुंटीच्या भोकाच्या कडेलाही पांढरं. पणजोबांच्या काळातला गंज चिंचेला दाद देत नाही. वरचा थर गेला तरी रेघांत, बारीक खळग्यांत काळं उरतंच, लोखंड खाऊन बसलेलं असतं ते. इथं काळ्याचा ठिपका नव्हता.

"जैतून, गंज कसला होता? रंग?"

तिनं शेंडी पुढं केली. विटेच्या भुकटीत बुडवल्यासारखी लाल. "हाताला लागत हुता," ती म्हणाली. मग शिकलगाराच्या लेकीला कळलं. तिनं शेंडी मागं लपवल्यासारखी धरली. "त्यास्नी सांगू नगा. म्हणावं, धुवून गेलं, आता कळत न्हाई. खोटं बी न्हाई त्यात."

पूजा उरकून दुकानात पोचलो तेव्हा तानाबे एकटेच होते. वॉल्टरची गोष्ट मी त्यांना आधीच सांगितली होती. मी तलवार त्यांच्यापुढं ठेवली. त्यांनी नाळ बघितली आणि त्यांचा चेहरा असा झाला की मी आधीच म्हणालो, "खंडेनवमी होती."

"कशानं?"

"चिंच. राख."

त्यांनी भिंग लावलं. बराच वेळ लावून होते. पातं चांगलं होतं, हातानं घडवलेलं, पाण्यात विझवलेलं. तसं काम लढाईतही काही कारागीर करत होते, म्हणून नुसत्या पात्यावरून ठरत नव्हतं. नाव कुठं नव्हतं. "रेघांमध्येही नाही," ते म्हणाले.

"नाही."

"चाळीस, फार तर पंचेचाळीस वर्षं." त्यांनी भिंग ठेवलं. "अशा तलवारी लढाईत नव्यानं अधिकारी झालेल्यांसाठी केल्या. ज्यांच्या घरात आजोबांची नव्हती त्यांच्यासाठी. शेतकऱ्यांची, मास्तरांची पोरं."

मी विचारलं, "सांगू?" मी कुणाला असं विचारत नाही. त्या दिवशी विचारलं. "जैतून म्हणते, धुवून गेलं म्हणावं."

तानाबे नाळ तेलानं पुसत राहिले. मग म्हणाले, "कोठारामागं बसलेल्या त्या पोराला बघितलेला जगात हा एकच माणूस उरला आहे. हाही त्याला कॅप्टन म्हणूनच घेऊन गेला, तर तो पोरगा कुठंच नाही."

वॉल्टर दुपारी आला. या वेळी तानाबे जेवायला गेले नाहीत. त्यांनी स्टूल त्याच्यासाठी पुढं केलं आणि स्वतः भिंतीला उभे राहिले. मुठीपासून सुटं केलेलं पातं काउंटरवर होतं. वॉल्टरनं ते बघितलं आणि तो बसलाच नाही.

"पांढरं आहे," तो म्हणाला.

"माझ्या बायकोनं घासलं. आमचा सण होता. पण..."

"थांब." त्यानं हात वर केला. "कॅप्टन दर आठवड्याला आमच्यासमोर मूठ काढून तलवार पुसायचा. खुंटी ठोकायचा, मनगटावर मारायचा. आतलं लोखंड काळं होतं. चुलीसारखं. मला मूठ काढता येते. चाळीस वर्षं येत होती, पण काढली नाही." तो माझ्याकडं बघत होता, तानाबेंकडं नाही, मग तानाबेंकडं, मग परत माझ्याकडं. "मला एकच सांगा. ते काळं असतं, तर तिनं घासून गेलं असतं?"

दुकानात पाण्याचा नळ टपकत होता. 'हो' म्हणायला काय लागतं? मान हलवली असती तरी चाललं असतं. तो दवाखान्यात गेला असता, उघडलं असतं, शिवलं असतं, आणि तो कॅप्टनला घेऊन गेला असता. मी पोलादाबद्दल कुणाला खोटं सांगितलेलं नाही. वकिलाला नाही, गावाकडच्या जमीनदाराला नाही, सासऱ्याला नाही. हा माझा ताठा आहे म्हणा. त्या दिवशी मला त्याचा अभिमान वाटला नाही, पण दुसरं काही माझ्या तोंडात नव्हतंच.

"नाही," मी म्हणालो. "गेलं नसतं."

मग त्यानं विचारलं, "मग कुणाची?" तानाबेंना विचारलं. पहिल्यांदा.

तानाबेंनी मला सांगितलं तेच त्याला सांगितलं. नवा अधिकारी. घरात जुनी तलवार नसलेला. जास्त नाही, कमी नाही.

"त्याच्या गळ्याला दाढीचे खुंट नव्हते," वॉल्टर म्हणाला. "पट्ट्यांच्या खाली गळा होता. मी बघितला होता. कॅप्टनला दाढी होती. मी बघितलं होतं तेव्हाच." आणि तो स्टुलावर बसला, एकदम, जसं कुणी दोरी सोडावी. तानाबेंनी कपाटातून ग्लास काढला, नळ सुरू करून पाणी भरलं आणि दोन्ही हातांनी त्याच्यापुढं धरलं. वॉल्टरनं तो घेतला. प्यायला नाही. धरून बसला.

बऱ्याच वेळानं त्यानं पात्यावर बोट टेकवलं. चिकटलेली झेंडूची एक पाकळी होती तिथं. "हे काय?"

"आमच्याकडं वर्षातून एकदा हत्यारांना फुलं वाहतात."

"हिलाही?"

त्यानं पाकळी काढून ग्लासच्या शेजारी ठेवली.

"हिची धार घालव," तो म्हणाला. "पार. काही कापू नये हिनं. ओढली तरी नाही, पडली तरी नाही. आणि मूठ होती तशी बसव. माझ्याकडंच राहील ती, मी दुसऱ्या कुणाला देणार नाही. पण अशी नको."

"माझे दगड घरी आहेत, पूजेत. उद्या दसरा. पूजेतल्या दगडांवर दसरा होईपर्यंत काम करत नाहीत. परवा देतो."

"उद्या दुपारी मला दवाखान्यात जायचं आहे."

तानाबे म्हणाले, "माझ्या मशीनवर..."

"नाही," मी म्हणालो. मशीनवर पातं तापतं, जळतं. ज्यानं कुणी ते घडवलं त्यानं पाण्याशेजारी बसून घडवलं होतं, नाव घातलं नाही तरी. "मी उद्या सकाळी देतो."

घरी जैतूनला सांगितलं. ती म्हणाली, "दसऱ्याला? पूजेतला दगूड?" तिच्या बापानं, माझ्या बापानं, आमच्यात कुणीच कधी दसऱ्याला दगड ओला केलेला नाही. आणि आमचं सगळं आयुष्य धार देण्यात गेलं. धार काढून घ्यायला कुणी आमच्याकडं आलं नव्हतं, आणि आलं असतं तर आम्ही हाकललं असतं. मी तिला म्हणालो, मला माहीत आहे, तू सांगू नकोस. ती आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, सूर्य वर आला तेव्हा मी गॅरेजचं दार उघडलं. जैतून माझ्या आधीच तिथं होती. तिनं बादलीत पाणी आणून ठेवलं होतं. माझ्याकडं न बघता तिनं दगडांवरची फुलं एकेक करून उचलली आणि पदरात घेतली. मी सगळ्यात खरबरीत दगड ओला केला, पातं धारेवर उभं धरलं, आणि आयुष्यभर जसं कधी धरलं नव्हतं तसं, सरळ खाली दाबून ओढलं.